गाळलेल्या ओव्या

हट्ट्याच्या बौद्धवाड्यात कुणाच्याही घरी लग्नाची हळद दळायची असली की जात्याचा खुंटा आधी भागूबाईच्या हातात जायचा. गळा तिचा काही गोड नव्हता. खरखरीत होता, वाळल्या हळकुंडावर नख ओढावं तसा. पण गाणं तिच्यापाशी होतं. एकच गाणं, लांबच लांब. लेक जन्माला येते तिथून ती म्हातारी होऊन पैलतीराला लागते तिथपर्यंतचं. सगळं म्हणायला बसलं तर घरातली हळद संपेल आणि गाणं उरेल. सगळं मात्र ती कधीच म्हणत नसे.

खुंट्याला हात लावण्याआधी ती समोर बसलेल्या बायांवरून एकदा नजर फिरवायची. नवरा गेलेली कुणी असली तर कुंकवाच्या ओव्या गाळायची. मूल न झालेली असली तर पाळण्याच्या. आणि भाऊ नसलेली किंवा भावानं टाकलेली कुणी असली, तर मुराळ्याच्या ओव्या गाळायची. सासरच्या लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. त्याच्या ओव्या गाण्यात सगळ्यांत जास्त होत्या.

वाटेच्या वळणाला कुणाची गं सावली
मुराळी आला बाई, चप्पल न्हाई पावली

भागूबाई ओवी गाळायची आणि मागची पुढचीला अशी जोडून घ्यायची की जातं एका फेऱ्यासाठीही थांबत नसे. ऐकणारीला कळायचंच नाही की मधून काही गेलं. कळायचं ते फक्त धम्मानंदला. तो लहान होता, आईच्या पाठीला टेकून बसलेला असायचा, आणि त्याला सगळं गाणं पाठ होतं.

“माय, काल मुराळी आला व्हता. आज काहून न्हाई आला?”

“आज समोर जिवनबाई व्हती ना रे. तिचा भाऊ अवंदा विहिरीत गेला.”

“मग गाणं तुटलं की.”

“तुटलं कशानं? कापलं अन् जोडलं. गाणं माझं हाय, पण समोर कोण बसलंय ते बघूनच म्हणावं लागतं.”

धम्मानंदची थोरली बहीण राणी हे ऐकून हसायची. “अन् आमच्यासमोर कोणती ओवी गाळशील गं?”

“तुमच्यासमोर काहून गाळू? तुला मुराळी हाय, त्याला बहीण हाय. तुमच्यासमोर सगळी म्हणीन.”

राणीचं लग्न चौऱ्याण्णव साली कळमनुरीला झालं. नवरा, कोंडीबा, ट्रकवर होता. हैदराबाद आणि इंदूरच्या मधल्या रस्त्यावर त्याचे महिन्यातले वीस दिवस जायचे. आला की बोलका, हसरा. बायकोला परगावच्या बांगड्या आणायचा. धम्मानंद तेव्हा सतरा वर्षांचा. सणासुदीला एसटीनं औंढ्यावरून तोच बहिणीला आणायला जायचा. राणीची पिशवी दोन दिवस आधीपासून भरून उंबऱ्याशी ठेवलेली असायची.

“या मुराळी,” ती दारातूनच म्हणायची. “आलात, पण मिशा कुठं ठेवून आलात?”

“येतील पुढच्या गाडीनं.”

“मग त्या आल्यावरच जाऊ. बिनमिशाच्या मुराळ्यासंग गेले तर लोक म्हणतील, लेकरू सांभाळायला नेऊन राहिली.”

आणि तोवर तिनं चपला घातलेल्या असायच्या.

शेवटचा असा गेला तो दोन हजार साली. या खेपेला पिशवी नव्हती, ट्रंक होती. कोंडीबा नांदेडच्या दवाखान्यात हाडांचा सापळा होऊन गेला होता. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं आणि मग राणीचंही रक्त तपासलं. एसटीत ती खिडकीशी बसली होती. औंढा आलं तेव्हा म्हणाली, “धम्मा, मिशा आल्या रे तुला.” 

वाड्यात कुणी तिला वाईट बोललं नाही. विहारात वंदनेला बसली तर कुणी उठून जात नसे. तसं करणं आपल्यात बसत नाही, असं सगळेच म्हणायचे. फक्त तिचा चहाचा पेला घरोघरी वेगळा झाला. तो कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा. आणि हळद दळायला तिला कुणी बोलवेना. विधवा म्हणून नाही, असं शेजारची पद्माबाई मुद्दाम येऊन सांगून गेली. “ते जुनं आमी काही मानत न्हाई, भागूबाई. पण हळद नवरीच्या अंगाला लागते ना. सुईनं लागतंय म्हणं, रक्तानं लागतंय म्हणं. उगं जिवाला घोर.” भागूबाई त्या दिवशी एकटीच गेली आणि खुंट्याला हात लावून बसली. बराच वेळ तिला गाण्याची सुरुवातच सापडली नाही.

धम्मानंद पुढच्या वर्षी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागला. विषय त्यानं मागून घेतला. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, हाच का? तो म्हणाला, आवड आहे. घरचं काही सांगितलं नाही.

विषय होता त्या विषाणूचा धागा. विषाणूचं सगळं बिऱ्हाड आरएनएच्या एका धाग्यावर लिहिलेलं असतं. आपल्या पेशीत शिरल्यावर या धाग्याच्या पुष्कळ नकला निघतात; त्यांतल्या काहींचे ठरावीक जागी तुकडे पाडून, मधला भाग गाळून, टोकं जोडून घ्यावी लागतात. त्यातून विषाणूची छोटी छोटी हत्यारं तयार होतात. काही धागे मात्र अख्खेच राहावे लागतात. तेच नव्या विषाणूच्या पोटात बांधून बाहेर जायचे असतात. सगळे कापले तरी तो मेला, एकही कापला नाही तरी मेला. आणि हे कापणं-जोडणं त्याचं त्याला येत नाही. कातर आपली, सुई आपली. आपल्याच पेशीतली प्रथिनं त्या धाग्यावर येऊन बसतात. काही बसून खूण करतात, इथं कापा. काही खुणेवर हात ठेवतात, इथं नको.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा धम्मानंदनं पुस्तक मिटून ठेवलं. त्याला आई दिसली होती, खुंट्यावर हात ठेवून बायांची तोंडं बघणारी.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत त्याच्या हाताला यश आलं. पेशीतलं एक प्रथिन त्यानं नेहमीपेक्षा कितीतरी वाढवलं होतं. ते धाग्यावर अशा जागी बसायचं की कातर भलतीच चालायची. सगळे धागे तुकडे तुकडे होऊन पडायचे. प्रयोगाच्या फोटोवर अख्ख्या धाग्याचा जो जाड काळा पट्टा दिसायचा, तो पुसून टाकल्यासारखा गेला होता. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींतून नवा विषाणू बाहेर पडेना. बाई क्वचित हसायच्या, त्या हसल्या. धम्मानंदनं फोटोची एक प्रत खिशात घातली आणि हट्ट्याची गाडी धरली.

गावात हळद शिजत होती. शिवारभर चुलाण्यांवर काहिली, मोठाल्या कढया, चढल्या होत्या, वाफेनं मातकट गोड वास सुटला होता. त्याचे वडील, सोनाजी, दुसऱ्याच्या काहिलीवर शिजवायच्या कामाला होते. हळकुंडात काडी टोचून शिजलं की नाही ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे.

“आला का जंतूंचा गुराखी,” ते म्हणाले. “आमी जन्मभर बैल राखले, पोरगं जंतू राखून राहिलं. दूध तरी देतात का रे?”

“या खेपेला दिलं, दादा.”

राणी काहिलीपासून लांब, बांधावर बसून शिजलेली हळद पसरवत होती. हात कोपरापर्यंत पिवळे. अंगानं अर्धी झाली होती, पण उन्हात बसल्यामुळं तोंडावर रंग होता. धम्मानंद तिच्याजवळ बसला. भागूबाईही पदराला हात पुसत आली. त्यानं फोटो काढला.

“हे काय? एक्स-रे?”

“एक्स-रे न्हाई, आक्का. तुझ्या आजाराचं गाणं हाय.”

मग त्यानं सांगितलं. मायच्या गाण्यावरूनच सांगितलं. रोगाचं एक लांब गाणं असतं, पण त्याला गळा नसतो. ते आपल्या घरात शिरून आपल्याच बायांकडून म्हणवून घेतं. कुठं गाळायचं, कुठं जोडायचं, हे समोर बसलेली आपली माणसं ठरवतात. काही वेळा त्याला तुकडे लागतात, काही वेळा अख्खं गाणं लागतं. अख्खं गाणं मिळालं तरच ते दुसऱ्या घरी जातं.

“म्हणजे आपलीच माणसं त्याला गाऊ लागतात,” राणी म्हणाली.

“व्हय. त्यांना कळत न्हाई. ती त्यांचं रोजचंच काम करत असतात.”

“अन् तू काय केलंस?”

“एक माणूस असा बसवला की त्याच्यापुढं सगळ्याच ओव्या कापाव्या लागतात. अख्खं गाणं उरतच न्हाई. हे बघ, हितं पट्टा व्हता. आता न्हाई.”

राणीनं फोटो हातात घेतला. पिवळ्या बोटांचा ठसा कडेला उमटला. तिनं ती रिकामी जागा पुन्हा पुन्हा बघितली.

“बराबर,” ती हळू म्हणाली. “मग हे औषध किती दिवसांत यील, धम्मा?”

इथं सांगायचं बरंच होतं. ताटलीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. त्या पेशी कुठल्याशा परक्या शरीरातून कधीकाळी काढलेल्या, काचेवर वाढवलेल्या. त्यांना रक्त नाही, ताप येत नाही. ताटलीत विषाणू मेला असं हजार जणांनी हजार वेळा बघितलंय. याचं औषध व्हायला वीस वर्षं लागतील, आणि बहुधा होणारच नाही. हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण समोर राणी बसली होती. तिच्याशेजारी बांधावर तिचा पेला होता, एकटा.

“लागतील थोडे दिवस, आक्का,” तो म्हणाला.

भागूबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. केसांना हळद लागली, ती पुण्याला जाईपर्यंत निघाली नाही.

राणीनं ही गोष्ट वाड्यात सांगितली. ती सांगायची ते धम्मानंदनं सांगितल्याहून थोडं वेगळं असायचं. तिनंही तिच्यापुरतं गाळलं आणि जोडलं. “माझा भाऊ औषध करून राहिला,” एवढंच पुढं उरलं. त्या एका वाक्यानं बरंच काही बदललं. कोनाड्यातला पेला उपड्याचा सुलटा झाला. पद्माबाई दारात थांबून बोलू लागली, मग आत येऊन बसू लागली. तिच्या पुतणीची हळद होती तेव्हा राणीला निरोप आला. जात्याला हात लावायला नाही, पण भिंतीशी बसायला. राणी नवं लुगडं नेसून गेली. भागूबाईनं त्या दिवशी मुराळ्याच्या साऱ्या ओव्या म्हटल्या, एकही गाळली नाही.

मुराळ्याच्या हाती शिदोरी बांधलेली
बहीण उंबऱ्यात जीव धरून थांबलेली

राणीनं हे सगळं फोनवर भावाला सांगितलं. हट्ट्याच्या एसटीडीवाल्याच्या खोक्यात उभी राहून, आवाज चढवून. मागं उभ्या असलेल्या बायांनाही ऐकू जावं म्हणून.

जूनमध्ये धम्मानंदच्या ताटल्या मरायला लागल्या. विषाणू गेला होता, पण पेशीही जगत नव्हत्या. ते प्रथिन काही विषाणूसाठी जन्मलेलं नव्हतं. पेशीचे स्वतःचे हजारो धागे होते. त्यांवरही ते जाऊन बसत होतं, आणि जिथं कापायला नको तिथं कापलं जात होतं. रोगाचं गाणं बंद करायला जो माणूस बसवला, त्यानं घरातली सगळीच गाणी बंद पाडली होती. त्यानं चार वेळा करून बघितलं. प्रमाण कमी केलं तर विषाणू परत येई, वाढवलं तर पेशी मरे. मधली जागा नव्हती.

बाईंनी सगळे फोटो टेबलावर मांडून बघितले. “छापण्यासारखं आहे,” त्या म्हणाल्या. “धाग्यावर कोण कुठं बसतं, हे आपल्याला कळलं. ते थोडं नाही.”

“औषध?”

“औषध नाही, धम्मानंद. तू कधी औषध म्हणून बघत होतास का याकडं?”

धम्मानंदनं टेबलावरचे फोटो गोळा करून पाकिटात भरले.

हे राणीला सांगायचं होतं. पुढच्या फोनला सांगू, असं ठरवलं. पुढच्या फोनला ती म्हणाली की पद्माबाईनं तिच्या हातचं पिठलं खाल्लं. त्या पिठल्यावर तो काय बोलणार होता? मग त्यानं दिवाळीला जाऊन समोरासमोर सांगायचं ठरवलं, आणि दिवाळीला कामाचं निमित्त काढून गेलाच नाही. त्या घरात आता आपल्या येण्याचा अर्थ बदलला आहे, हे त्याला कळत होतं. तो नुसता भाऊ म्हणून आला असता तर कुणाच्या लक्षातच आलं नसतं. सगळ्यांनी त्याच्या हाताकडं बघितलं असतं.

पुढच्या वर्षी सरकारनं काही मोठ्या शहरांत गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. दोन हजार पाच उजाडलं आणि पुण्यातही त्या मिळू लागल्या. त्या गोळ्या रोग घालवत नव्हत्या, पण दाबून ठेवत होत्या. धम्मानंदनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, स्ट्रेचरवर आलेली माणसं चार महिन्यांनी पायांनी चालत येत होती. असा एकजण चालत आलेला दिसला त्याच दिवशी त्यानं हट्ट्याच्या एसटीडीवाल्याकडं फोन लावून राणीला बोलावून घेतलं.

“आक्का, पुण्याला ये. गोळ्या सुरू करू.”

“तुझ्या गोळ्या?”

“न्हाई, सरकारी. पण चांगल्या हायेत.”

 पलीकडं तिनं खोक्याचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“हे बघ, त्या गोळ्यांचं मी ऐकलंय. विहारात दवाखान्याच्या ताई आल्या व्हत्या सांगायला. एकदा धरल्या की जन्मभर सोडता येत न्हाई म्हणं. अन् मग तुझं औषध आलं तर? एकावर एक घेतलं अन् बाधलं तर? आतापर्यंत थांबले ना मी, अजून थोडी थांबते.”

“तसं काही न्हाई, आक्का. तू ये.”

“धम्मा, सारा गाव मला विचारतो, काहून गं, भावाच्या औषधाचं काय झालं? आता सरकारी रांगेत जाऊन उभी राहिले तर काय म्हणतील? तुझ्यावर माझा भरोसा न्हाई, असं हुईल. मी न्हाई तसं होऊ देणार.”

त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. माझं औषध नाही. चार शब्दही नव्हते ते. रिसीव्हर त्यानं एका कानावरून दुसऱ्या कानाशी घेतला.

“तरीबी ये,” तो म्हणाला.

“येते की. तू न्यायला ये. मुराळी आल्याबिगर मी कधी गेलेय का कुठं? औषध घेऊनच ये म्हणजे झालं.”

ती हसत होती. हसताना तिला खोकला आला, आणि तो संपायच्या आत फोन कटला.

धम्मानंद दिवाळीत गेला.  भागूबाईनं राणीला गोधडीत गुंडाळून भिंतीशी टेकवलं होतं. तिच्या शेजारी पिशवी होती, भरलेली. कधी भरली होती कोण जाणे. वरच्या लुगड्याच्या घडीवर धूळ बसली होती.

“आणलं का?” तिनं विचारलं.

“चल आधी,” तो म्हणाला.

पुण्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. क्षय फुप्फुसात होता, तिथून पुढंही गेला होता. डॉक्टर तरुण होते, भले होते. आधी क्षयाची औषधं, मग त्या गोळ्या, असं म्हणाले. मग धम्मानंदला बाहेर बोलावून विचारलं, “तुम्ही याच क्षेत्रातले ना? वर्षभरापूर्वी आणलं असतं तर…” पुढचं त्यांनी गाळलं.

डिसेंबरात एका दुपारी ती जरा बरी होती. उशाशी बसून तो संत्रं सोलत होता. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं.

“ह्या गोळ्या तुझ्या का रे?”

“न्हाई.”

“तुझ्या कधी?”

त्यानं संत्रं खाली ठेवलं. आणि सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून, एकही कडवं न गाळता. ताटली, काच, मेलेल्या पेशी, बाईंचं म्हणणं. जून, दोन हजार तीनचा जून. राणी डोळे मिटून ऐकत होती. त्याचं संपलं तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

“आडीच वर्षं,” ती म्हणाली. “आडीच वर्षं झाली ना याला?”

“व्हय.”

“मग फोनवर काहून न्हाई सांगितलं? मी घेतल्या असत्या ना रे ह्या गोळ्या. लगेच आले असते. एकटी आले असते.”

ती रागावली नव्हती. कुणी रस्ता चुकल्यावर मागचं वळण आठवून बघावं, तसं म्हणाली. धम्मानंदला तिनं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

“तू लोकांत बसाय लागली व्हतीस, आक्का. मला वाटलं…”

“बसले ना,” ती म्हणाली. “भिंतीशी.”

मग तिनं हात पुढं केला. त्यानं तो धरला. हाताला हळदीचा रंग राहिला नव्हता.

“मायला सांगू नको. ती तुझ्या नावानं ओव्या म्हणते.”

जानेवारीत राणी गेली. हट्ट्याला नेऊन वंदना झाली, पंचशील झालं. सोनाजी चितेपाशी काडी हातात धरून उभे होते. सवयीनं, जशी काहिलीपाशी उभं राहताना धरायचे तशी.

एप्रिलमध्ये पद्माबाईच्या लेकीचं लग्न निघालं. धम्मानंदनं ठरवलं, या खेपेला मायला सांगायचंच. राणीनं नको म्हटलं होतं तरी. कारण भागूबाई अजून दर फोनला विचारायची, “तुझ्या औषधाचं कुठवर आलं? आपली गेली, दुसरीच्या लेकीला तरी मिळू दे.” हे त्याला सहन होत नव्हतं. तो सकाळच्या गाडीनं आला. घराला कुलूप होतं. सगळे पद्माबाईकडं हळदीला, असं शेजारच्यानं सांगितलं.

तो तिथं गेला आणि उंबऱ्यात बसला. पाच बाया जात्याभोवती होत्या. भिंतीशी एक जागा रिकामी होती. दाटी असूनही तिथं कुणी सरकलं नव्हतं. भागूबाईनं मान वर केली, त्याला बघितलं, आणि खुंट्याला हात घातला.

हळदीच्या गं खांडाला जात्यानं फोडियेलं
मायबापानं लेकीला वाटेला सोडियेलं

आवाज आणखी खरखरीत झाला होता. लेक वाटेला लागली. सासर आलं. सासूच्या ओव्या झाल्या, नणंदेच्या झाल्या. सण आला, लेक दारात येऊन वाट बघू लागली. आता वळणावर सावली पडायची. धम्मानंद कान देऊन बसला.

सावली पडली नाही. लेक दारात होती, आणि दुसऱ्या फेऱ्याला ती स्वतःच लेकीची आई झालेली होती, सुनेला हाक मारत होती. जातं अडलं नाही. बायांनी पुढची ओवी उचलून धरली. कुणालाच काही जाणवलं नाही.

समोर आपण बसलोय, त्याला वाटलं. मायनं माझ्यासाठी गाळलं. बहीण गेलेल्या भावाला मुराळ्याचं ऐकवू नये म्हणून गाळलं. आणि तिला ठाऊक नाही, कुणाला जपून राहिलीय ते.

तो उठला. ओव्या तिनं म्हणाव्यात, साऱ्या म्हणाव्यात, आपण तिथं नसावं, एवढंच त्याला वाटलं. घराला वळसा घालून तो मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला, जिथून तो तिला दिसणार नव्हता. हळकुंडांची पोती रचलेली होती. त्यांना टेकून तो ऐकू लागला. दुसरी पायली जात्यात पडली होती. भागूबाईनं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. लेक जन्मली. लेक वाटेला लागली. सासू झाली, नणंद झाली, सण आला, लेक दारात आली.

जातं फिरत होतं.

मुराळी आला नाही. तो तिथं नव्हता, तरी आला नाही. मग धम्मानंदला कळलं, की त्याच्यावाचूनही त्या जात्यासमोर एकजण बसलेलीच आहे, आणि ती खुंटा धरून आहे.

दुपारी हळद संपली. भागूबाई पदराला हात पुसत मागं आली, आणि त्याला पोत्यांपाशी बघून थांबली.

“हितं काहून उभा राहिलास? उन्हात.” तिनं जवळ येऊन त्याचं तोंड बघितलं. “सकाळपासून काहीतरी धरून बसलास तू. बोल की.”

धम्मानंदनं तोंड उघडलं. आईचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे होते, आणि ते हवेत तसेच धरलेले होते, कशालाच लागू नयेत म्हणून.

“काही न्हाई माय,” तो म्हणाला. “दादा जेवले का, ते इचारायचं व्हतं.”

“जेवले की कवाच,” भागूबाई म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरून मागं, रस्त्याच्या वळणाकडं तिनं उगाच एकदा बघितलं. “चल. तूबी जेव.”